उष्णतेचा जमाखर्च

पौषातल्या पहाटे युसूफ वडगावातून अंबाजोगाई किंवा लातूरच्या बाजारपेठेकडे निघणाऱ्या माणसाला मराठवाड्याच्या थंडीविषयी काही सांगावे लागत नाही. बीड जिल्ह्याचा उन्हाळा, तेथील पाणीटंचाई आणि उसाच्या फडाकडे दरवर्षी निघणारे तोडणी कामगारांचे तांडे यांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. थंडीची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. शेजारच्या परभणीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा केज तालुक्यातील उघड्या माळावरही त्याहून फार वेगळी स्थिती नसते. सूर्य वर आला की हवा झपाट्याने तापते आणि दहा वाजता अंगातील स्वेटर काढावा लागतो. त्यामुळे ही थंडी लोक विसरून जातात. पण व्यापाऱ्याचा प्रवास पहाटेचाच असतो. दवाखान्यात नंबर लावण्यासाठी निघालेल्या वृद्धांचाही तोच.

आजच्या मोटारीत हा प्रश्न एका बटणाने सुटतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याभोवती जे पाणी खेळते, ते तापलेले पाणी एका लहान जाळीतून फिरवले जाते, जाळीवरून पंखा हवा सोडतो आणि गाडीत ऊब येते. या उबेसाठी वेगळे इंधन जवळजवळ लागत नाही. रेडिएटरमधून वाया जाणारीच उष्णता थोडी आत वळवलेली असते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाट आणि पुढे पद्मिनी या गाड्याही पाण्यावर थंड होणाऱ्याच होत्या. अशा जुन्या गाडीत हीटर बसवायचा झाल्यास काम सरळ असते. पाण्याच्या नळीला फाटा काढायचा, जाळी बसवायची, पंखा जोडायचा. चांगला मेकॅनिक हे एका दिवसात करतो.

अडचण येते ती ज्या गाडीला रेडिएटरच नाही, तिच्या बाबतीत.

हवेवर थंड होणारे इंजिन व्यापारी घरांना अपरिचित नाही. एके काळी घरोघरी असलेल्या चेतक स्कूटरच्या उजव्या बाजूच्या फुगीर पत्र्याखाली असेच इंजिन होते, आणि त्याच्या चाकाबरोबर फिरणारा पंखा त्यावर हवा मारीत असे. हिवाळ्यात स्कूटर उभी केली की मुले त्या पत्र्यावर हात शेकून घेत. ऑटोरिक्षाचे इंजिनही बहुधा याच जातीचे. रिक्षाच्या मागच्या बाकावर बसणाऱ्याला पायाखालून आणि पाठीमागून जी धग लागते, ती त्याचीच. ही रिक्षा भारतात रुजविण्यात अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, नवलमल फिरोदिया यांचा मोठा वाटा होता, हे आपल्या समाजातील जुन्या पिढीला ठाऊक आहे. रिक्षाचालकाला ही धग मे महिन्यात नकोशी होते आणि जानेवारीत ती पुढच्या सीटपर्यंत पोहोचत नाही. हवेने थंड होणाऱ्या वाहनाची मूळ गोम याच तक्रारीत आहे. उष्णता असते, पण ती हवी तेथे आणि हवी तेव्हा मिळत नाही.

मोटारींमध्ये या जातीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनची बीटल. जर्मनीत १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी तिची रचना केली. सामान्य कुटुंबाकडे गाडी ठेवायला बंद जागा नसणार, ती रात्रभर बर्फात उभी राहणार, आणि पाणी गोठले तर इंजिन फुटणार, म्हणून पाणीच नको, असा त्यामागील व्यवहारी विचार होता. इंजिन मागे ठेवले, चार सिलिंडर दोन-दोन असे समोरासमोर आडवे मांडले आणि डायनॅमोच्या दांड्यावर मोठा पंखा बसवला. या गाडीचे उत्पादन मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी थांबले, तोवर जगभरात दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या होत्या. भारतात त्यांची संख्या तुलनेने अगदी थोडी. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत त्या हमखास दिसतात आणि क्वचित एखादी गावाकडच्या वाड्याच्या पडवीतही ताडपत्रीखाली उभी असते.

समजा, अशीच एक गाडी युसूफ वडगावच्या एखाद्या व्यापारी घरात आजोबांच्या काळापासून आहे. नातवाने ती दुरुस्त करून घेतली आहे. आजीला तिच्यातूनच फिरायची हौस आहे आणि थंडी मात्र सोसत नाही. नातवाला तिच्यात हीटर बसवायचा आहे. या साध्या इच्छेतून जे प्रश्न निघतात, त्यांचा हिशेब नीट मांडला पाहिजे. चुकलेल्या हिशेबाची किंमत येथे पैशात मोजली जात नाही.

प्रथम जमेची बाजू. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे नऊ युनिट ऊर्जा सुटते. विजेच्या बिलावर जे युनिट असते तेच हे युनिट. गाडी ताशी ४८ किलोमीटर वेगाने जात असेल आणि लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर तासाला चार लिटर पेट्रोल, म्हणजे ३६ युनिट ऊर्जा खर्ची पडते. त्यांपैकी चाके फिरविण्यास जेमतेम चौथा हिस्सा लागतो. उरलेली सुमारे २७ युनिटे उष्णता म्हणून जातात, काही धुरावाटे आणि काही सिलिंडरवरून वाहणाऱ्या हवेवाटे. लहान गाडीची केबिन उबदार ठेवण्यास तासाला दोन-तीन युनिटे पुरतात. तेव्हा भांडवल दसपट आहे. तोटा आहे तो वाटेचा. इंजिन मागे, माणसे पुढे, आणि मध्ये पाण्यासारखा आज्ञाधारक वाहक नाही.

बीटलच्या रचनाकारांनी सुरुवातीला सोपा मार्ग घेतला. सिलिंडरवरून जाऊन तापलेली हवाच थोडी वळवून गाडीत सोडली. ऊब मिळाली, पण तिच्याबरोबर तेलाचा वासही आला. इंजिनातून कोठे तेल पाझरले, कोठे सांध्यातून धूर निसटला, की तो थेट बसणाऱ्यांच्या नाकाशी. १९६३ च्या नमुन्यांपासून ही पद्धत बदलली. पंख्याची स्वच्छ हवा वेगळ्या नळ्यांतून काढून ती धुराच्या नळीभोवती बसवलेल्या बंद पेट्यांतून नेली जाऊ लागली. त्या पेट्यांना मेकॅनिक हीटर बॉक्स म्हणतात. आतल्या नळीतून जळका धूर जातो, तिच्या बाहेरच्या धातूच्या पंखांवरून ताजी हवा जाते, आणि दोहोंमध्ये फक्त नळीची भिंत असते. तापलेली हवा दारांखालच्या पोकळ पन्हाळ्यांतून पुढे जाऊन पायांशी आणि पुढच्या काचेशी निघते. हँडब्रेकजवळच्या कळीने तारा ओढून झडपा उघडायच्या, एवढेच चालकाचे काम.

या रचनेतील उणिवा वापरणाऱ्यांना लवकरच कळल्या. पंखा इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असल्याने गाडी सिग्नलला उभी राहिली की ऊबही थांबते. दारांखालच्या पन्हाळी गंजतात, आणि त्या केवळ हवेच्या वाटा नसून गाडीच्या सांगाड्याचा भार वाहणारे भागही असल्याने त्यांचा गंज दुहेरी महाग पडतो. शिवाय उष्ण हवामानातील अनेक गाड्यांवर पुढे सायलेन्सर बदलताना महागडे हीटर बॉक्स काढून साध्या वाकड्या नळ्या जोडल्या गेल्या. उन्हाळ्याच्या देशात ऊब कोणाला हवी, हा हिशेब त्या वेळी कोणाला चुकीचा वाटला नसेल. आज नातवाला हीटर ‘बसवायचा’ असतो, म्हणजे पुष्कळदा मूळचा काढून टाकलेला परत जोडायचा असतो.

अमेरिकेत याच प्रश्नाने एका मोठ्या कंपनीला अडचणीत आणले होते. जनरल मोटर्सने १९६० च्या नमुन्यापासून कॉर्व्हेर ही मागे इंजिन असलेली, हवेवर थंड होणारी गाडी बाजारात आणली. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या गाजलेल्या पुस्तकात तिच्यावर टीका झाली ती वळणावरील तोल जाण्याबद्दल. हीटरचे प्रकरण कमी लोकांना आठवते. पहिल्या वर्षी तिच्यात पेट्रोल जाळणारा स्वतंत्र हीटर मिळत असे. त्याचा पेट्रोलचा खर्च डोळ्यांत भरणारा होता. पुढच्या वर्षापासून सिलिंडरवरून येणारी हवा थेट आत सोडण्यात आली. तेलाचे सील जुने होऊन गळू लागले की इंजिनातील वायू आत येण्याचा धोका निर्माण होई. १९७१ मध्ये, म्हणजे उत्पादन बंद होऊन दोन वर्षे झाल्यावर, गाडीच्या हीटरमधून विषारी वायू येऊ शकतो अशी सूचना मालकांना पाठवावी लागली.

तो विषारी वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने त्याला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे फुफ्फुसे हवा घेत असली तरी शरीराला प्राणवायू मिळत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्याने हिवाळ्यात जे मृत्यू होतात, त्यांचे कारण हेच. गावाकडच्या वाचकांनी अशा बातम्या वाचलेल्या असतात, पण चालत्या गाडीचा आणि शेगडीचा संबंध सहसा कोणी जोडत नाही.

संबंध किती जवळचा आहे, हे पीयूसी प्रमाणपत्रावरून समजेल. भारतात जुन्या पेट्रोल मोटारींच्या धुरात, गाडी जागेवर चालू असताना, ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालवून घेतला जातो. ३ टक्के म्हणजे दहा लाख भागांत ३०,००० भाग. हीटर बॉक्सच्या आतील नळीला गंजाने एखादे भोक पडले आणि केबिनमधील हवेच्या शंभर भागांत असा धूर केवळ एक भाग मिसळला, तरी प्रमाण दहा लाखांत ३०० होते. एवढ्या प्रमाणात दोन-तीन तासांत डोके दुखू लागते, मळमळते, विचार मंदावतो. ४०० च्या पुढे, तीन तासांहून अधिक काळ, जिवाला धोका असतो. युसूफ वडगावहून पुण्याला जाण्यास याहून अधिक वेळ लागतो. आणि ज्यांच्यासाठी हीटर हवा, त्या वृद्ध माणसाचे हृदय अशा वेळी तरुणाच्या हृदयाइतके सोसत नाही. गर्भवती स्त्रीच्या पोटातील बाळाचे तर मुळीच नाही.

यातील सर्वांत फसवी बाब अशी की लक्षणे सामान्य प्रवासाच्या त्रासासारखीच असतात. ‘गाडी लागली’, ‘उपाशीपोटी निघाल्याने पित्त झाले’, असे म्हणून काच बंद करून आजीला शाल गुंडाळली जाते. गाडीतील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, किंवा गाडीतून उतरल्यावर बरे वाटले आणि पुन्हा बसल्यावर त्रास सुरू झाला, तर ते पित्त नव्हे. काचा उघडाव्यात, इंजिन बंद करावे, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालय गाठावे. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातील वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तासात तो निम्मा होतो. केज परिसरासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हेच मोठे सरकारी ठिकाण आहे. तेथे डॉक्टरांना ‘गाडीत हीटर चालू होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. हे वाक्य राहून गेले तर तपासणी भलत्याच दिशेला जाऊ शकते.

म्हणून मूळ पद्धतीचाच हीटर जोडायचा असेल, तर हीटर बॉक्स नवे किंवा तपासून खात्री झालेले घ्यावेत. मोडीतून आणलेले, वरून रंग दिलेले बॉक्स दिसायला छान असतात. बाहेरचा पत्रा सोन्यासारखा आणि आतली नळी चाळणीसारखी, असा प्रकार पुष्कळ आढळतो. गाडीवर चढविण्यापूर्वी आतील नळीची दोन्ही तोंडे बंद करून तिच्यात हवा भरावी, बॉक्स पाण्यात बुडवावा आणि बुडबुडे येतात का ते पाहावे. सायकलची ट्यूब तपासण्याची हीच रीत आहे आणि गावातील कोणत्याही पंक्चरवाल्याच्या टाकीत ती करता येते. सायलेन्सरच्या सांध्यांचे गॅस्केट नवे घालावेत. इंजिनाच्या कप्प्यातून आत येणाऱ्या तारा आणि नळ्यांच्या भोवतीची रबरे बदलावीत, कारण वायू फक्त हीटरच्या वाटेने येतो असे नाही. पन्हाळी गंजल्या असतील तर आधी त्या दुरुस्त कराव्यात आणि मगच बाकी खर्च करावा. शिवाय कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहान बॅटरीवरचे यंत्र आज बाजारात मिळते. ते बसणाऱ्यांच्या जवळ लावावे. इंजिनच्या तेलाचा वास येऊ लागला तर तोही इशाराच समजावा, कारण मारक वायूला वास नसला तरी त्याच्याबरोबर येणाऱ्यांना असतो.

दुसरा मार्ग इंधन जाळणाऱ्या स्वतंत्र हीटरचा. जर्मनीतील एबरस्पॅशर कंपनीचे असे पेट्रोल हीटर फोक्सवॅगनच्या काही गाड्यांवर बसवले जात. त्यात जळण्याची कोठडी वेगळी, धूर बाहेर सोडणारी नळी वेगळी आणि गरम होणारी हवा वेगळी असते. इंजिन बंद असतानाही ऊब मिळते, हा त्याचा मोठा गुण. हल्ली त्याच तत्त्वावरचे स्वस्त डिझेल हीटर घरबसल्या मागविता येतात. त्यांच्यासाठी पेट्रोलच्या गाडीत डिझेलची स्वतंत्र टाकी ठेवावी लागते, पत्र्याला भोके पाडावी लागतात, आणि धुराची नळी चुकून गाडीखाली हवा ओढणाऱ्या तोंडाजवळ आली तर ज्या संकटातून सुटायचे तेच विकत घेतले असे होते. एवढ्या जुन्या गाडीत हा उद्योग शहाणपणाचा ठरत नाही.

विजेच्या हीटरची जाहिरात सर्वांत आकर्षक असते. सिगारेट लायटरच्या भोकात वायर घालायची की झाले. येथेही जमाखर्च मांडावा. जुन्या बीटलची वीज सहा व्होल्टची, डायनॅमो सुमारे १८० वॅटचा. नंतरच्या बारा व्होल्टच्या गाडीत सुमारे ३६० वॅट. त्यातून पुढचे दिवे, वायपर, हॉर्न आणि बॅटरीचे चार्जिंग भागवायचे. घरातील साधा खोली गरम करणारा हीटर १,००० ते २,००० वॅट घेतो. तेव्हा दीडशे वॅटच्या खेळण्याने केबिन तापणार नाही, आणि दिवे मंदावून बॅटरी मात्र बसेल. जुन्या वायरिंगवर एवढा भार दिला तर ती जळण्याची भीती वेगळीच.

पण याच विजेचा एक उपयोग हिशेबात बसतो. आसनावर अंथरायची गरम होणारी गादी चाळीस-पन्नास वॅटच घेते. ती केबिनमधील हवा तापवत नाही, थेट माणसाची पाठ आणि कंबर तापवते. आजीसाठी तिच्या आसनावर अशी एक गादी, तिला स्वतंत्र फ्यूज आणि जाड वायर, एवढ्याने पहाटेच्या प्रवासाचे बरेचसे काम भागते. पायांसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी आणि अंगावर घोंगडी आहेच. सहा व्होल्टच्या गाडीत मात्र बाजारातली गादी चालत नाही, कारण ती बारा व्होल्टसाठी बनवलेली असते.

आता कायद्याची बाजू, कारण व्यापारी घरात विमा आणि नोंदणीचा विचार आधी होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली बिगर-व्यावसायिक दुचाकी आणि चारचाकी वाहने विंटेज म्हणून नोंदविता येतात. नवी नोंदणी २०,००० रुपये, फेरनोंदणी ५,००० रुपये, आणि मुदत १० वर्षे. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मूळच्याच नमुन्याचे हीटर बॉक्स परत बसविल्याने या मूळ स्वरूपाला बाध येत नाही. पत्रा कापून डिझेलचा हीटर बसविल्यास येऊ शकतो, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर तेच प्रथम पाहील.

मात्र याच नियमांत एक अट आहे, जी नातवाने पैसे भरण्यापूर्वी वाचलेली बरी. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रस्त्यावर नेता येते ती प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच. रोजच्या वापरासाठी नाही. तेव्हा आजीला लातूरच्या डॉक्टरांकडे नेण्याचे काम या गाडीकडून करून घ्यायचे असेल, तर तिची साधी नोंदणी आणि फिटनेस प्रमाणपत्र वेळोवेळी नूतनीकरण करून चालू ठेवावे लागेल, आणि विंटेजचा मान सोडावा लागेल. घरात दुसरी, पाण्यावर थंड होणारी गाडी असेल, तर डॉक्टरांच्या फेऱ्या तिने कराव्यात, आणि आजीने आजोबांच्या गाडीत मावळतीच्या आधी, कोवळ्या उन्हात, काच चार बोटे खाली करून, मांजरा धरणापर्यंत एक चक्कर मारून यावे.